धावपटूची कारकीर्द आणि नोकरीचा आधार

जुलै २०२५ मध्ये मोनॅको येथील डायमंड लीग स्पर्धेत अविनाश साबळे पाण्याच्या अडथळ्यापाशी कोसळले. गुडघ्याचा अस्थिबंध फाटला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि सप्टेंबरमध्ये टोकियोला झालेली जागतिक स्पर्धा हुकली. तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीतील हा भारताचा सर्वांत वेगवान धावपटू पुन्हा केव्हा धावेल, याची चर्चा त्यानंतर पुष्कळ झाली. परंतु या प्रसंगातील एक साधी गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. साबळे यांचा गुडघा निकामी झाला तरी त्यांचे वेतन थांबले नाही. ते भारतीय सैन्याच्या महार रेजिमेंटचे सैनिक आहेत. धावणे थांबले तरी चूल थांबत नाही, ही खात्री ज्याला आहे तोच आपले शरीर पणाला लावू शकतो. महाराष्ट्राच्या क्रीडाक्षेत्रातील यशापयशाचा विचार करताना या खात्रीचे मोल आपण कधी मांडतच नाही. आणि आता ही खात्रीच हळूहळू आटत चालली आहे.

बर्फातून मैदानाकडे

साबळे यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडवा हे त्यांचे गाव. आईवडील वीटभट्टीवर राबणारे. शाळा सहा किलोमीटर दूर, आणि वाहनाची सोय नसल्याने ते अंतर पायी किंवा धावत तोडावयाचे. बारावी झाल्यावर ते सैन्यात भरती झाले, ते धावपटू होण्यासाठी नव्हे, तर घराला आधार हवा म्हणून. २०१३-१४ मध्ये सियाचेनच्या बर्फात, नंतर राजस्थानच्या वाळवंटात आणि सिक्कीममध्ये त्यांची नेमणूक झाली. सैन्यांतर्गत क्रॉसकंट्री शर्यतीत ते २०१५ मध्ये प्रथम उतरले. पुढे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना स्टीपलचेसकडे वळविले.

या शर्यतीत साडेसात फेऱ्यांच्या ओघात अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. दम आणि झेप या दोहोंची कसोटी तिच्यात एकाच वेळी लागते. सप्टेंबर २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळे यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंदांत ती पूर्ण केली आणि गोपाळ सैनी यांचा १९८१ पासून अबाधित राहिलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. त्यानंतर त्यांची स्पर्धा प्रामुख्याने स्वतःच्याच विक्रमाशी राहिली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले. सुवर्णपदक हुकले ते सेकंदाच्या अवघ्या पाच शतांशांनी. या शर्यतीत केनियाबाहेरच्या धावपटूला राष्ट्रकुल पदक मिळाले ते १९९४ नंतर प्रथमच. २०२३ मध्ये हांगझोऊ आशियाई स्पर्धेत सुवर्ण, त्याच स्पर्धेत पाच हजार मीटरचे रौप्य, जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८ मिनिटे ९.९१ सेकंद, आणि पुढच्याच महिन्यात ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतीत अकरावा क्रमांक, असा हा चढता आलेख आहे.

या आलेखातील पदके सर्वांना दिसतात. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाची नजर मात्र त्याआधीच्या कोऱ्या जागेवर खिळते. भरतीपासून २०१८ च्या विक्रमापर्यंतचा काळ पाच वर्षांहून अधिक आहे. या काळात साबळे यांचे नाव देशाला ठाऊक नव्हते आणि कोणी पुरस्कर्ता त्यांच्याकडे फिरकला नव्हता. राज्य शासनाच्या कोणत्याही बक्षीस योजनेत बसेल अशी कामगिरी भरतीच्या वेळी त्यांच्या खाती नव्हती. त्या वर्षांत त्यांच्या पोटाची, प्रकृतीची आणि घरच्यांची जबाबदारी एका संस्थेने उचलली होती, आणि तीही ते उद्याचे विजेते आहेत हे ठाऊक नसताना. हे ठाऊक नसणेच येथे महत्त्वाचे आहे. गुणवत्ता उमलण्यास वेळ लागतो, आणि उमलेपर्यंत ती इतर सामान्य तरुणांपेक्षा वेगळी दिसत नाही. म्हणून एक विजेता घडण्यासाठी अनेक अ-विजेत्यांना पोसावे लागते. हा अपव्यय नव्हे, हा त्या विजेत्याचाच उत्पादनखर्च आहे.

पदकामागचे मस्टर

साबळे यांचे उदाहरण अपवादात्मक असते तर त्यावरून सिद्धान्त मांडणे धाडसाचे झाले असते. परंतु महाराष्ट्राच्या इतर खेळाडूंच्या कारकिर्दी तपासल्या तरी हेच आढळते. पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक जिंकणारे राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होते. रिओ ऑलिंपिकमध्ये २०१६ साली स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठणाऱ्या माण तालुक्यातील ललिता बाबर यांना रेल्वेचा आधार होता. पुढे त्या राज्याच्या महसूल सेवेत आल्या. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक मिळविणाऱ्या सावरपाड्याच्या कविता राऊत यांच्यामागे तेल व नैसर्गिक वायू महामंडळ होते. सैन्य, रेल्वे, सार्वजनिक महामंडळ अशी नावे बदलतात, पण मस्टरवरील सही आणि महिनाअखेरचा पगार ही गोष्ट समान राहते.

हा आधार नसला म्हणजे काय होते, याचे उत्तर चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून गेल्यावर कराडजवळच्या गोळेश्वर गावात मिळते. खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्या प्रवासाचा खर्च लोकवर्गणीतून उभा राहिला. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर सात हजार रुपयांना गहाण ठेवले, असे सांगितले जाते. खाशाबांना पोलीस खात्यात नोकरी मिळाली ती १९५५ मध्ये, म्हणजे पदकानंतर तीन वर्षांनी. आधार आला, पण ज्या वर्षांत त्याची सर्वाधिक गरज होती ती वर्षे सरल्यावर. १९८४ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. खाशाबांच्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळण्यास बहात्तर वर्षे लागली. या विलंबाची कारणे अनेक असतील. पण ज्या समाजात प्राचार्याला घर गहाण टाकावे लागते, त्या समाजात किती मल्ल हेलसिंकीपर्यंत पोहोचलेच नाहीत, याची मोजदाद कोणी करावयाची?

शासनाचे धोरण या बाबतीत आजही उलट्या टोकाने चालते. कुसाळे यांनी पदक जिंकताच ऑगस्ट २०२४ मध्ये एक कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर झाले. हरियाणा अधिक देते, मग महाराष्ट्र का देत नाही, असा वादही झाला. पारितोषिक द्यावे आणि ते भरघोस द्यावे, यात दुमत नाही. परंतु पारितोषिकाची रक्कम दुप्पट केल्याने पदके दुप्पट होत नाहीत. बक्षीस मागाहून येते, भाकरी आधी लागते. सोळा वर्षांच्या मुलाने शर्यतीत उतरावे की बांधकामावर जावे हा निर्णय घरात होतो, तेव्हा दहा वर्षांनंतरच्या अनिश्चित कोटीपेक्षा येत्या शनिवारच्या निश्चित मजुरीचे पारडे जड ठरते. यात त्या कुटुंबाची अदूरदृष्टी नाही. ज्याच्यापाशी शिल्लक नाही त्याने जोखीम टाळणे हाच शहाणपणा असतो.

बर्फाच्या देशांतील धडा

श्रीमंत देशांत हा प्रश्न नसेल, अशी एक समजूत आहे. ती तपासण्यासाठी आपल्याकडे जवळजवळ अपरिचित असलेला एक खेळ घ्यावा. ‘नॉर्डिक कम्बाइन्ड’ या बर्फावरील क्रीडाप्रकारात खेळाडू प्रथम उंच उतारावरून स्कीवर उडी घेतो आणि नंतर बर्फातून, बहुधा दहा किलोमीटरची, शर्यत धावतो. उडीतील गुणांच्या फरकाचे सेकंद केले जातात. ज्याची उडी सरस तो आधी सुटतो, इतर त्याच्यामागून ठराविक अंतराने सुटतात, आणि जो प्रथम पोहोचतो तो जिंकतो. जर्मनीचे एरिक फ्रेंझेल हे या खेळातील अलीकडच्या काळातील थोर विजेते होत. २०१४ च्या सोची आणि २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये त्यांनी वैयक्तिक सुवर्ण मिळविले, आणि २०१३ ते २०१७ अशी सलग पाच वर्षे विश्वचषक मालिका जिंकली. २०२३ मध्ये ते निवृत्त झाले.

हे फ्रेंझेल जर्मन सैन्याचे सैनिक होते. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या तयारीपासून जर्मन सैन्यात खेळाडूंसाठी खास तुकड्या आहेत. ऑस्ट्रियाच्या सैन्यात तशीच सोय आहे. इटलीत वित्त पोलीस दलाचा संघ प्रसिद्ध आहे. दरडोई उत्पन्न आपल्या कित्येक पट असलेल्या या देशांनाही असे आढळून आले की, ज्या खेळांना मोठा बाजार नाही त्यांत बाजारावर विसंबून विजेते घडत नाहीत. फुटबॉलला प्रेक्षक आहेत, म्हणून पैसा आहे. बर्फातून एकटा धावणाऱ्याला किंवा पाण्याच्या अडथळ्यावरून उडी मारणाऱ्याला तिकीट काढून पाहणारे लोक थोडे. अशा खेळाडूला वेतन देणारा कोणी लागतो, आणि तो बहुधा शासनच असतो.

या खेळाच्या नियमात आणखी एक सूचक गोष्ट आहे. तेथे मागून सुटणारा स्वतःच्या कमी पडलेल्या उडीमुळे मागे असतो. मांडव्याचा मुलगा मागून सुटतो तो मात्र जन्मामुळे. ते अंतर त्याने केवळ पायांच्या बळावर तोडावे अशी अपेक्षा करणे आणि त्याने ते तोडले की सत्कार करणे, एवढ्याने समाजाचे कर्तव्य संपत नाही.

कोकणाला ठाऊक असलेली गोष्ट

नोकरीचा आधार म्हणजे काय, हे रत्नागिरी जिल्ह्याला कोणी शिकविण्याची गरज नाही. तुकड्यातुकड्यांची डोंगरउताराची शेती आणि तिच्यावर बसलेली खोती, यांतून सुटण्याचे येथल्या गरिबाला दोन मार्ग होते, एक मुंबई आणि दुसरा पलटण. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे मूळ गाव. त्यांचे वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते आणि सैनिकी शाळेत शिक्षक होते. पलटणीतील वेतन, शाळा आणि निवृत्तिवेतन या तीन गोष्टींनी एका घराण्याला गावगाड्याच्या जोखडातून बाहेर काढले आणि त्यातून देशाला घटनेचा शिल्पकार मिळाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा कोकणातील निवृत्त सैनिकांनी अर्जविनंत्या केल्या. त्या केवळ मानासाठी नव्हत्या, बंद झालेल्या एकमेव दारासाठी होत्या. महार रेजिमेंट उभी राहिली १९४१ मध्ये. आज तीत सर्व जातिधर्मांचे जवान असतात, आणि बीडच्या वीटभट्टीवरील मुलाला जगाच्या मैदानावर नेणारी रेजिमेंट तीच आहे, हा योगायोग विचार करावयास लावणारा आहे.

मुंबईचा मार्गही कोकणाने असाच अनुभवला. चाकरमान्याची मनीऑर्डर ही येथल्या घरांची अर्थव्यवस्था होती. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी संपानंतर ती कोसळली तेव्हा गावोगावची घरे हादरली. खेळाच्या क्षेत्रात याच मार्गाने कोकणातील कबड्डीपटू मुंबईस गेले आणि बँका, बंदर, विमान कंपनी, तेल कंपन्या यांच्या संघांतून खेळले. दिवसा कार्यालय आणि संध्याकाळी मैदान, अशी ती व्यवस्था होती. तिच्यातील दारे एकामागून एक बंद होत आहेत. देना बँक २०१९ मध्ये बँक ऑफ बडोदात विलीन झाली. एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये टाटा समूहाकडे गेली. विलीनीकरण आणि खासगीकरण यांचे समर्थन करणारे युक्तिवाद आहेत आणि त्यांत तथ्यही असेल. परंतु ताळेबंदात ज्याची नोंद नसते असे एक कार्य या संस्था करीत होत्या, आणि त्या गेल्यावर ते कार्य कोणाकडे सोपवावयाचे याचा विचार कोणी केला नाही. २०१४ मध्ये सुरू झालेल्या व्यावसायिक कबड्डी लीगने मोजक्या खेळाडूंना मोठी रक्कम दिली हे खरे. पण हंगामी लिलावातील किंमत आणि साठाव्या वर्षापर्यंतची नोकरी, या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिली चमकलेल्याला मिळते, तर दुसरी चमकण्याची मुदत देते.

चार वर्षांचे गणित

नेमका हाच प्रश्न आता पलटणीच्या दाराशी उभा आहे. जून २०२२ मध्ये जाहीर झालेल्या अग्निपथ योजनेनुसार जवानांची भरती चार वर्षांसाठी होते, आणि त्यांतील जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना पुढे कायम केले जाते. उरलेल्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी मिळतो, निवृत्तिवेतन नाही. २०२३ च्या प्रारंभी प्रशिक्षण सुरू झालेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६-२७ च्या सुमारास भरतात. सैन्य तरुण राहावे आणि निवृत्तिवेतनाचा वाढता भार आवरावा, हे या योजनेमागील हेतू आहेत, आणि त्यांची योग्यायोग्यता सैनिकी व वित्तीय कसोट्यांवरच ठरली पाहिजे. क्रीडापदके मिळविणे हे सैन्याचे प्रथम कर्तव्य नव्हे, हा आक्षेपही रास्त आहे.

तथापि एखाद्या धोरणाचा परिणाम त्याच्या हेतूपुरता मर्यादित राहत नाही. साबळे यांच्या कारकिर्दीला चार वर्षांचे माप लावून पाहावे. सेवेची चार वर्षे पुरी झाली तेव्हा त्यांच्या नावावर एकही राष्ट्रीय विक्रम नव्हता. कायम ठेवावयाच्या पंचवीस टक्क्यांत त्यांचा समावेश झाला असता किंवा नसताही. झाला नसता तर हाती काही लाख रुपये घेऊन ते मांडव्यास परतले असते, आणि आपण काय गमावले हे देशाला कधीच कळले नसते. ज्ञात खेळाडूंसाठी सैन्यात थेट प्रवेशाची सोय आहे, आणि चमकलेल्या अग्निवीराला ठेवूनही घेतले जाईल. प्रश्न आहे तो अद्याप न चमकलेल्याचा. जो आधीच विजेता आहे त्याच्यासाठी दारे अनेक असतात. जो होऊ घातला आहे त्याच्यासाठी होते ते एकच, आणि तेच आता अरुंद झाले आहे.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी असलेले पाच टक्के आरक्षण ही उणीव भरून काढील असे म्हटले जाते. ते आरक्षण योग्यच आहे. परंतु त्यासाठीही पदकाचे प्रमाणपत्र आधी लागते, आणि प्रमाणपत्रालाच नोकरीची किंमत आली म्हणून बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणेही उघडकीस आली. अठराव्या वर्षी साबळे यांच्यापाशी असे काहीच नव्हते. म्हणजे ही वाटही त्यांच्यासाठी बंदच राहिली असती.

काय करता येईल

उपाय फार खर्चाचे आहेत असे नाही. प्रत्येक जिल्ह्यात सोळा ते तेवीस वयाच्या शंभर मुलामुलींना दरमहा दहा हजार रुपयांची विद्यावृत्ती द्यावयाचे ठरविले, तर छत्तीस जिल्ह्यांचा वार्षिक खर्च त्रेचाळीस कोटी वीस लाख रुपये होतो. राज्याच्या अंदाजपत्रकात ही रक्कम भिंग घेऊन शोधावी लागेल. तिच्यासाठी दोन अटी मात्र असाव्यात. पहिली, निवड पदकावरून न होता दरवर्षीच्या सुधारणेवरून व्हावी, म्हणजे गतवर्षीपेक्षा वेळ किती घटली, उडी किती वाढली, हे पाहून. असे मोजमाप मैदानावर, सर्वांसमक्ष होते. त्यास बनावट कागद लागत नाही. दुसरी, दुखापत झालेल्याची वृत्ती किमान एक वर्ष चालू राहावी. मोनॅकोच्या अपघाताने शिकविलेला धडा हाच आहे. केंद्र शासनानेही सैन्यातील प्रशिक्षणाखालील खेळाडूंच्या बाबतीत कायम करण्याचा निर्णय चार वर्षांनी न घेता आणखी काही वर्षे पुढे ढकलण्याची मुभा द्यावी. मुलींच्या बाबतीत तर हा आधार अधिकच निकडीचा आहे, कारण साबळे ज्या दाराने आत गेले ते पायदळाचे दार त्यांना आजही बंद आहे.

यातील बहुतेक मुले विजेती होणार नाहीत, हे आधीच मान्य केलेले बरे. ती शिक्षक होतील, पोलीस होतील, लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागतील, आणि निरोगी शरीर व शिस्त घेऊन जगतील. एवढेही त्या त्रेचाळीस कोटींच्या मोबदल्यात कमी नाही.

चिपळूणच्या पवन तलाव मैदानावर आणि जिल्ह्यातील अशा अनेक मैदानांवर पहाटे मुले धावताना दिसतात. ती ऑलिंपिकसाठी धावत नाहीत, भरतीसाठी धावतात. सैन्यभरतीत १६०० मीटरचे अंतर साडेपाच मिनिटांत तोडले की पूर्ण गुण मिळतात, हे त्यांना तोंडपाठ असते. पॅरिसमध्ये साबळे ज्या गतीने धावले त्या गतीने तेच अंतर, अडथळ्यांसह, सुमारे चार मिनिटे एकवीस सेकंदांत पुरे होते. या दोन आकड्यांत जे अंतर आहे ते एखाद्या मुलाच्या पायांत तोडता येण्याजोगे असेलही. पण सोळाशे मीटर संपताच तो थांबतो, कारण पुढे धावत राहण्याचे कोणी त्याला काही देत नाही. तो थांबू नये असे वाटत असेल तर टाळ्या वाजविण्याची वेळ येण्यापूर्वीच समाजाला आपल्या खिशात हात घालावा लागेल.